बहिरी

"बहिरी गावली रे! बहिरी!"

हाक होडीतून आली आणि किनाऱ्यावर दोर ओढणारी चाळीस माणसं जागच्या जागी थांबली. माशांच्या टोपल्या घेऊन उभ्या असलेल्या बायका टोपल्या टाकून पुढे धावल्या. मी दक्षिणेच्या दोराच्या तोंडाला होतो, कमरेएवढ्या पाण्यात. सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालेलं आणि मला हसू येत होतं. खोटं कशाला सांगू? मला वाटलं, देवाने ऐकलं माझं. लवू मेतर, आता जातोस कुठे!

बहिरी म्हणजे तो प्रचंड मासा, ज्याला शहरातली माणसं व्हेल शार्क म्हणतात. एसटीच्या गाडीएवढा देह, आणि खातो काय, तर पाण्यातला बारीकसारीक चुरा. आमच्या बंदरावर त्याला बहिरी म्हणायचे, कारण होडी अंगावर आली, माणसं बोंबलली, तरी ती वळायची नाही. आपल्याच तंद्रीत चालत राहायची. अशीच चालत ती त्या सकाळी आमच्या रापणीत शिरली होती.

रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं. होडी ते अर्धगोल टाकून येते, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर असतात आणि सगळी वाडी मिळून ते ओढते. ते जाळं एकाचं नसतं. प्रत्येक घराने आपला तुकडा विणून आणायचा आणि सगळे तुकडे एकमेकांना जोडायचे. ज्याचा तुकडा, त्यानेच त्याला सुरी लावायची. दुसऱ्या कुणी लावली तर ते वैर पिढ्यान् पिढ्या चालायचं. आणि हुकमाची रीत अशी, की तांडेल होडीतून ओरडणार, दोराच्या तोंडाचा माणूस ते ऐकून मागे सांगणार, आणि मागचे त्याच्या शब्दावर हात चालवणार. मागच्यांनी समुद्राकडे कान द्यायचाच नाही. दक्षिणेच्या दोराचं तोंड सतराव्या वर्षापासून माझ्याकडे होतं आणि मला त्याचा केवढा तोरा होता!

लवू मेतर आमचा तांडेल. आणि माझ्या भावाचा खुनी.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. ओढता ओढता रापण दक्षिणेच्या खडपात, पाण्याखालच्या खडकांत, अडकली. माझा थोरला भाऊ रघू सोडवायला पाण्यात उतरला. बुडी मारण्यात त्याचा हात कुणी धरत नव्हता. तो खाली असतानाच होडीतून लवूची हाक आली, "ओढ!" ह्याच दोन कानांनी मी ती ऐकली. मी मागे सांगितलं आणि चाळीस माणसांनी जीव खाऊन ओढलं. जाळं खडपातून सुटलं. रघू बाहेर आला तो बांगड्यांच्या राशीत, पायाला जाळ्याचे तीन वेढे पडलेला. सत्तावीस वर्षांचा होता.

बाराव्या दिवशी लवू आमच्या ओसरीवर येऊन बसला. माझ्या आईने विचारलं, "कित्याक ओढूक सांगलंस रे?" तो खाली बघत म्हणाला, "माझा चुकला, वैनी." एवढंच बोलला आणि उठून गेला. आई त्याच्या पाठीवर ओरडली, "तुझा तळपट होवंदे!" त्या दिवसापासून ती किनाऱ्यावर कधी आली नाही. लवू दर रविवारी दारात मासे ठेवून जायचा आणि ती ते उचलून कावळ्यांना टाकायची.

मी वाडीत सांगत फिरलो. म्हटलं, जाळं फाटेल म्हणून ओढायला लावलंन ह्याने, जाळ्याच्या लोभापायी माणूस मारलान. लोक ऐकायचे, माना हलवायचे, आणि सकाळी पुन्हा त्याच्याच हुकमावर दोर धरायचे. माझा जळफळाट व्हायचा. आणि लवू? त्याने त्या दिवसापासून तोंडी हुकूम देणंच बंद केलं. ओढायचं तर हात वर करायचा, सोडायचं तर तांबडं फडकं हलवायचा. मी म्हणायचो, बघा, मन खातंय त्याला.

मग एके वर्षी वनखात्याची माणसं आली. देवळाच्या मांडवात चित्रं लावून त्यांनी समजावलं, की बहिरीला आता कायद्याचं संरक्षण आहे. जाळ्यात आली तर जाळं कापून सोडा आणि आम्हाला कळवा. मारली तर तुरुंग. वाडी हसली. लवू उठून म्हणाला, "सायबानू, रापण कापूची नाय. माझ्या बापाशीन कापूक नाय, मी कापूचंय नाय."

सगळे हसत होते तेव्हा मी साहेबाकडून फोन नंबर लिहून घेतला. अकरा महिने तो कागद माझ्या खिशात होता. शर्ट धुवायला टाकताना आधी तो काढायचो. बहिरी येऊ दे, मी म्हणायचो, लवू ती ओढणार, वाळूवर ती मरणार, आणि जीप येऊन त्याला सगळ्या वाडीसमोर घेऊन जाणार. आईला हाताला धरून बघायला आणायचं, हेसुद्धा ठरवून ठेवलं होतं.

तर बहिरी आली.

मी दोर शेजारच्या तारीच्या हातात दिला, म्हटलं, "इलंय पाच मिनिटांत," आणि धावत दुकानातल्या फोनवर गेलो. नंबर एका दमात लागला.

"जिवंत आहे का?" साहेबाने विचारलं.

"जिवंत आसा."

"मग ताबडतोब जाळं कापायला सांगा. पाण्याबाहेर घेऊ नका. आम्ही निघतो. तुमच्या तांडेलाला सांगाल ना?"

"सांगतंय," मी म्हटलं. आणि कुणालाच काही सांगितलं नाही. चालतच परत आलो. मरू दे ना जरा, असं माझ्या मनात होतं, म्हणजे गुन्हा पक्का होईल.

परत येऊन बघतो तर बहिरी छातीएवढ्या पाण्यात आली होती. काळसर पाठ, आणि पाठभर पांढरे ठिपके, अंगणात पिठाची टिंबं काढावीत तसे. शेपूट जाळ्यात गुरफटलेली. ती आपटत नव्हती. एकदा डावीकडे जायची, जाळं लागलं की थांबायची, मग उजवीकडे. तोंड उघडून तशीच राहायची. एवढ्या मोठ्या जनावराने एवढं गप्प असावं, ते बघवत नव्हतं. पण माझं लक्ष तिच्याकडे नव्हतंच. मी लवूच्या हाताकडे बघत होतो. हात वर झाला की संपलं.

"ओढूया काय रे?" मागून कुणी तरी विचारलं.

"तांडेल सांगतलो," मी म्हटलं. जीभ लाळावली होती माझी.

लवू होडीत उभा होता. त्याच्याबरोबर म्हातारा बाबल वल्ह्यावर होता, वीस वर्षं त्याच्या होडीवरचा माणूस. लवू बराच वेळ माशाकडे बघत राहिला. मग त्याने कमरेचं तांबडं फडकं काढलं आणि हलवलं.

कुणी हललं नाही. रापण पोटात मासा असताना सोडतात, हे कुणी पाहिलंच नव्हतं. लवूने फडकं पुन्हा हलवलं, आणि मग होडीतून खाली उतरला. बासष्ट वर्षांचा माणूस, गळ्याएवढ्या पाण्यातून चालत सरळ माझ्याकडे आला. हातात सुरी होती.

"उमाकांत, पोटाकडचो तुकडो तुमच्या घराचो," तो म्हणाला. "रघून विणलेलो. ही सुरी घे. काप."

"काय?"

"काप म्हणतंय. मासो मरता."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. चार वर्षांचं सगळं एकदम तोंडात आलं. जन्मात पहिल्यांदा मी त्याला काका न म्हणता बोललो.

"लवू मेतरा! मांडवात काय बोललंस? बापाशीन कापूक नाय, मी कापूचंय नाय! आणि आज ह्या माशासाठी कापतंस? माझो भाव खाली आसताना तुका जाळा प्यारा होता, आणि आज माशाची दया इली? माझो रघू माशापेक्षा हलको होतो काय रे?"

"सुरी घे, उमाकांत."

"नाय घेवचंय! आधी सगळ्यांसमोर सांग. चार वर्षां तोंड लपवलंस. त्या दिवशी 'ओढ' म्हटलंस काय नाय? बोल!"

लवूने माझ्याकडे पाहिलं. मग मागे उभ्या असलेल्या चाळीस माणसांकडे पाहिलं.

"म्हटलंय," तो म्हणाला. "मीच म्हटलंय. झाला? आता काप."

"खोटा बोलता तो!"

होडीत बाबल उभा राहिला होता. वल्हं अजून हातातच होतं.

"खोटा बोलता! 'सोड' म्हणान बोंबलत होतो तो! मी बाजूक बसललंय! सोड, सोड, सोड! गळ्याच्या शिरा फुटासर! दोराच्या तोंडाक गेला आणि थयसून 'ओढ' झाला!"

"बाबल, गप रव!" लवू असा ओरडला, की मी त्याचा तो आवाज चार वर्षांत ऐकला नव्हता.

"चार वर्षां गप रवलंय! हो पोरगो तुका वाडीभर खुनी म्हणता, तेची आवस तुका शिव्या घालता, आणि तू दर रविवारी मासे नेवन ठेवतंस! किती दिवस?"

मी मागे वळून पाहिलं. चाळीस माणसं बघत होती, आणि कुणीही लवूकडे बघत नव्हतं.

सोड. ओढ. त्या दिवशीसुद्धा असाच जमिनीकडून मतलई वारा वाहत होता, समुद्राकडून येणारा शब्द अर्धा खाऊन टाकणारा. शब्दाचा पहिला 'स' तेवढा वाऱ्याने नेला असेल. उरलं ते माझ्या कानात शिरलं आणि मी ते छाती फुगवून मागे सांगितलं. पुन्हा विचारलं नाही. हात हलवून "काय?" एवढं विचारायला किती वेळ लागला असता? पण मी दोराचं तोंड! मला ऐकू येत नाही, असं कसं चालेल?

लवूने माझा दंड धरला.

"मागसून रड," तो माझ्या कानाशी म्हणाला. "जीव अडकलो की आधी सोडूचो. घे सुरी."

मी सुरी घेतली.

तो तुकडा रघूने आमच्या ओसरीवर बसून विणला होता, दोन पावसाळे. जाळीच्या कोपऱ्यात सगळे एक गाठ मारतात, तो दोन मारायचा. पाण्याखाली हात घालून मी त्या दोन-दोन गाठी चाचपत होतो आणि एकेक कापत होतो. तिच्या शेपटीचा एक फटका बसला तर मी वाचलो नसतो, पण ती हललीच नाही. अंग खरखरीत होतं, जात्याच्या दगडासारखं. तिचा डोळा अगदी बारीक, सुपारीएवढा. तो माझ्याकडे बघत होता की नाही कोण जाणे. मी मोठ्याने रडत होतो आणि शिव्या देत होतो, लवूला, समुद्राला, रघूला, स्वतःला. पलीकडून लवू तुटलेलं जाळं ओढून बाजूला करत होता. मग तारी आला, मग बाकीचेही पाण्यात उतरले. शेवटची गाठ तुटली तेव्हा वीस-पंचवीस हात तिच्या अंगाला लागले होते.

"खोल पाण्याकडे ढकला!" लवू म्हणाला. "हळू, हळू."

थोडा वेळ ती तशीच पडून राहिली. मग शेपूट एकदा हलली, पाणी आमच्या तोंडावर उडालं, आणि ती गेली. मागे एकदाही न बघता, आपल्या तंद्रीत.

जीप आली ती त्यानंतर अर्ध्या तासाने. साहेब उडी मारून उतरला. "फोन कुणी केला होता? शाब्बास! वेळेवर केलात!"

लवूने माझ्याकडे पाहिलं. "फोन तू केलंस?"

"होय."

"कधी?"

"तू फडका हलवच्या आधी."

मग त्याच्या ध्यानात आलं आणि तो चक्क हसला. "माका नेवक बोलावलंस, मेल्या?"

मी मान खाली घातली.

"बरा केलंस," तो म्हणाला. "जा आता, सायबांसाठी चाय ठेवूक सांग." आणि साहेबाकडे वळून तो म्हणाला, "सायब, जाळा ह्येचा, कापल्यान पण ह्येणाच. फोटो ह्येचो काढा."

फोटो निघाला. पेपरात आला. मी, हातात सुरी आणि रघूच्या जाळ्याची चिंधी.

लोक पांगायच्या आधी लवूने सगळ्यांना थांबवलं होतं. बायकांनासुद्धा. "बाबल जां काय बोललो, तां रघूच्या आवशीच्या कानार गेला तर त्या माणसान माझ्या दोराक हात लावूचो नाय," एवढंच तो म्हणाला. आमच्या वाडीत कुणाच्या घरी आमटीत मीठ कमी पडलं तरी दुपारपर्यंत सगळीकडे होतं. पण ही गोष्ट कधीच कुणी बोललं नाही.

त्याच संध्याकाळी लवू फाटलेल्या रापणीपाशी विणायची सुई घेऊन बसला होता. मी जाऊन समोर उभा राहिलो.

"कित्याक सांगूक नाय माका?"

"सांगून काय झाला आसता?"

"माका कळला आसता!"

"आणि मग?" त्याने सुई थांबवली नाही. "पंचविशीत तू त्या खडपावरून उडी टाकलं आसतंस. तुझ्या आवशीचो एक झील गेललो. दुसरो मी घालवू? तुका कोणावर तरी दात खावचे होते. माझ्यावर खाल्लंस. माझी हाडां घट्ट आसत."

मी त्याच्या पाया पडलो असेन, असं तुम्हाला वाटेल. नाही पडलो. मला त्याचा रागच आला. इतका राग, की आधीच्या चार वर्षांत आला नव्हता. वैर धरायला माझ्याकडे जगात एकच माणूस होता, आणि तोही त्याने काढून घेतला. आता मी कुणाला खुनी म्हणायचं? रात्री उशीवर डोकं टेकलं की कुणाच्या नावाने दात खायचे? मी तिथून हललो नाही, आणि त्याने दुसरी सुई माझ्यापुढे टाकली.

"बस," तो म्हणाला. "कोपऱ्यात दोन गाठी मार. रघू मारायचो तशो."

दीड महिना रापण समुद्रात गेली नाही. वाडीने पेज खाऊन दिवस काढले आणि जाळं पुन्हा विणलं. त्यानंतर आणखी दोनदा बहिरी आली आणि दोन्ही वेळा विचारायच्या आधी, ज्याचा तुकडा त्याने सुरी काढली.

आता तांडेल मी आहे. तांबडं फडकं मीच हलवतो. परवा पुण्याच्या एका कंपनीची माणसं येऊन मला घेऊन गेली. मोठा गार हॉल, कोट घातलेली मुलं. "संकटातून उभं कसं राहायचं आणि माणसांचं नेतृत्व कसं करायचं, यावर चार शब्द बोला," म्हणाले. पडद्यावर तो माझा पेपरातला फोटो. मी पेपरात आलं होतं तेवढंच सांगितलं. टाळ्या पडल्या. एका मुलीने विचारलं, "काका, जाळं कापायचा निर्णय तुम्ही इतका पटकन कसा घेतलात?" मी म्हटलं, "सुचला." शालबील देऊन त्यांनी गाडीत बसवलं.

तिथे जे सांगायचं होतं आणि तोंडातून फुटलं नाही, ते हे.

बहिरी सोडली त्यानंतर सहा वर्षांनी आई गेली. शेवटचे आठ दिवस ती अंथरुणावर होती, पण आवाज खणखणीत. एका दुपारी तिने मला जवळ बोलावलं.

"उमा, तो लवू जिता आसा?"

"आसा, आये."

"रघूक मारल्यान आणि जिता आसा." तिने माझं मनगट धरलं, नखं रुतली. "मी जातंय. तू तेका सोडू नको. सांग माका. सोडूचंस नाय मा?"

सांगायचं होतं तर तेव्हाच. ती जायच्या आत. मी तोंड उघडलं.

"नाय सोडूचंय, आये," मी म्हटलं.

तिने मनगट सोडलं आणि डोळे मिटले. समाधान झालं तिचं. मी बाहेर आलो. ओसरीच्या पायरीवर लवूकाका बसला होता, शेजारी केळीच्या पानात गुंडाळलेले चार बांगडे. रविवार होता. दार उघडंच होतं आणि त्याचे कान शेवटपर्यंत शाबूत होते.

मी त्याच्या शेजारी बसलो.

"सकाळधरना काय खाल्लंस काय रे?" त्याने विचारलं.